वेन चिकटवा, पण गोंदाचे ओघळ नकोत

बाणाला घरी वेन (मागच्या टोकाजवळचं प्लास्टिकचं पीस) चिकटवली की कडेने गोंदाचे ओघळ वाळून बसतात, आणि चार बाण मारले की वेनचं पुढचं टोक उचकटायला लागतं. बहुतेक वेळा कारण एकच: गोंद जास्त, सफाई कमी.

शाफ्ट, म्हणजे बाणाचा दांडा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, फडकं काळं व्हायचं थांबेपर्यंत. वेनचा तळही पुसा. मग तिथे बोट लावायचं नाही. बोटाचा तेलकटपणा पकड घालवायला पुरेसा आहे.

१. वेन जिगच्या (बाण आणि वेन जागेवर धरणारं साधन) क्लॅम्पमध्ये, म्हणजे चिमट्यात, बसवा.
२. तळावर सुपरग्लूची बारीक रेघ ओढा, दोन्ही टोकांना २ मिमी जागा सोडून. सगळी गंमत या सोडलेल्या जागेत आहे, कारण दाबल्यावर गोंद तिकडेच सरकतो.
३. शाफ्टवर टेकवा आणि बाटलीवर लिहिलंय तेवढा वेळ हलवू नका.
४. तिन्ही वेन झाल्या की प्रत्येकीच्या पुढच्या-मागच्या टोकाला टाचणीने एकेक थेंब. टाचणीच घ्या, नळीतून थेंब नाही, तळं पडतं.

तरी गोंद बाहेर आलाच तर ओला असतानाच कापसाच्या काडीने टिपा. ॲसिटोनच्या नादी लागू नका, काही शाफ्टवरचा रंग आणि छपाई त्याने निघून येते.