एनएफएस ४.२: क्लोन केलेल्या दोन व्हीएम एकमेकींचे लॉक घालवत होत्या, तो प्रश्न असा सुटला

लक्षण: एका डिस्क-इमेजवरून काढलेल्या दोन लिनक्स व्हीएम (आभासी मशीन), एकच एनएफएस सर्व्हर (नेटवर्कवरून फायली पुरवणारा). एकटी चालू असली की सुरळीत; दुसरीने तो सर्व्हर माउंट केला (फायली आपल्याकडे जोडून घेतल्या) की पहिलीवरच्या फायली अडकायच्या आणि डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) 'लॉक रिक्लेम फेल्ड', म्हणजे फायलीवरचा ताबा परत मिळाला नाही.

टाइमआउट वाढवले, स्विच बदलला, आयपी तपासले. ते वेगवेगळेच होते. चार रात्री यात गेल्या.

कारण ओळखीत होतं. एनएफएस ४.१ पासून लिनक्स क्लायंट (इथे व्हीएम) सर्व्हरला जी ओळख सांगतो ती मुळात होस्टनेमवर (मशीनच्या नावावर) बेतलेली असते, आयपीवर नाही. दोघींचं होस्टनेम 'लोकलहोस्ट'. सर्व्हरला वाटे, एकच मशीन रीबूट होऊन आलंय. म्हणून तो जुने लॉक टाकून देई. सर्व्हरवर प्रॉक/एफएस/एनएफएसडी/क्लायंट्समधल्या इन्फो फायलींत नाव बघा, लगेच कळतं.

आधी प्रत्येक व्हीएमवर यूयूआयडीजेन (एकमेव आयडी बनवणारी आज्ञा) चालवून नवा आयडी घेतला. मशीन-आयडी (सिस्टिमने मशीनला दिलेला आयडी) वापरू नका, क्लोनमध्ये तोही सारखाच येऊ शकतो. मग ईटीसी/मॉडप्रोब.डी मध्ये (कर्नल मॉड्यूलच्या सेटिंग्जची जागा) कॉन्फ फाइल करून एक ओळ लिहिली: 'ऑप्शन्स एनएफएस एनएफएस४_युनिक_आयडी=' आणि पुढे तो आयडी. सगळे एनएफएस माउंट काढले, मगच रीबूट. चालू माउंटवर ओळख बदलू नका. शेवटी सिस/मॉड्यूल/एनएफएस/पॅरामीटर्समध्ये आयडी दिसतो का पाहिलं.

हा आयडी कायम तोच ठेवा. दर बूटला बदलला, तर जुने लॉक लीज (सर्व्हरने दिलेली मुदत) संपेपर्यंत सर्व्हरवर अडकून राहतात. कंटेनर असतील तर प्रत्येक नेटवर्क नेमस्पेसला (कंटेनरच्या स्वतंत्र नेटवर्कला) वेगळी ओळख लागते.