शिवसागराला गाडीवरून वळसा: चार दिवस, दोन गाड्या, दोन मित्र

कोयना धरणामागे पसरलेल्या शिवसागर जलाशयाला मोटारसायकलवरून वळसा घालायचा, असं ठरवून नकाशा उघडला की पहिल्यांदा एक गोष्ट लक्षात येते. काठाकाठाने जाणारा रस्ताच नाही. पाणी सुमारे पन्नास किलोमीटर लांब, डोंगरांच्या बेचक्यांत फाटे फुटत गेलेलं. पश्चिमेचा काठ कोयना अभयारण्याचा, म्हणजे आताच्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा. त्यामुळे खरा वळसा पडतो तो असा: सातारा, कास, बामणोली, तापोळा, महाबळेश्वर, तिथून आंबेनळी घाटाने खाली कोकणात पोलादपूर, खेड, चिपळूण, मग कुंभार्ली घाटाने पुन्हा वर कोयनानगर, पाटण, कराड आणि परत सातारा. अंतर सुमारे ३५० किलोमीटर. हायवेवर एवढं अंतर एका दिवसात होतं. इथे चार दिवस ठेवा. या वाटेचा हिशेब किलोमीटरवर नाही, घाटांवर आणि उजेडावर करायचा असतो.

आधी महिना ठरवा

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा सगळ्यात चांगला काळ. त्यातही ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा मला सगळ्यात आवडतो. धरण काठोकाठ भरलेलं असतं, डोंगर अजून हिरवे असतात आणि कासवर थोडी फुलं शिल्लक असतात. एप्रिल-मेमध्ये पाणी खूप उतरतं, काठावर तांबड्या मातीचे पट्टे उघडे पडतात आणि तळं पाहिल्याचं समाधान मिळत नाही. भर पावसात हा वळसा घेऊ नका, हे मी आग्रहाने सांगतो. महाबळेश्वर, नवजा आणि कोयनानगर इथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास, कधी त्याहून जास्त पाऊस पडतो. आंबेनळी आणि कुंभार्ली या दोन्ही घाटांत दरडी येतात आणि धुक्यात पुढच्या गाडीचा दिवाही दिसत नाही.

कासच्या फुलांच्या हंगामात पठारावर प्रवेशासाठी आधी ऑनलाइन नोंदणी लागते. शनिवार-रविवार टाळा. मंगळवार-बुधवारी निघालात तर तोच रस्ता तुमचा एकट्याचा असतो.

मित्राशी आधी बोलून घ्या

या भागावर मी मुद्दाम जास्त लिहितोय, कारण सहली गाडीमुळे कमी आणि न बोललेल्या गोष्टींमुळे जास्त बिघडतात. चार गोष्टी निघण्याआधी चहावर बसून ठरवा. सकाळी किती वाजता निघायचं. अंधार पडायच्या आत मुक्काम गाठायचाच, त्यात सूट नाही. खर्चाचं पाकीट एकच: दोघांनी सारखे पैसे घालायचे, पेट्रोल असो, गाड्या पाण्यापलीकडे नेणाऱ्या तराफ्याचं भाडं असो की भाकरी, सगळं त्यातून. आणि चौथी गोष्ट, फाट्याचा नियम.

फाट्याचा नियम असा. जो पुढे असेल त्याने प्रत्येक फाट्यावर थांबायचं आणि मागचा आरशात दिसल्याशिवाय हलायचं नाही. वळण चुकायची शक्यता नाही असं वाटलं तरी थांबायचं. आमच्या पहिल्या फेरीत हा नियम नव्हता. कास तलाव मागे टाकल्यावर उतारावर मी फोटोसाठी दोन मिनिटं रेंगाळलो, मित्र पुढे गेला आणि पुढच्या फाट्यावर दोघं दोन रस्त्यांना लागलो. मोबाइलला रेंज नाही. तो बामणोलीच्या धक्क्यावर, मी भलत्याच वाडीत. दीड तास दोघांच्याही जिवाला घोर. एका म्हाताऱ्या बाबांनी ‘तुमचा जोडीदार खाली पाण्याकडं गेला की’ असं सांगितलं तेव्हा कुठे उलगडा झाला. तेव्हापासून आम्ही फाट्यावर थांबतो.

दोघांपैकी ज्याचा हात घाटात कमी बसलाय त्याला पुढे ठेवा. मागच्याने त्याच्या वेगाने चालवायचं. उलट केलंत तर मागचा बिचारा गाठण्याच्या नादात वळणं चुकीची घेतो.

गाडीची तयारी

१२५ सीसीची साधी गाडीही हा वळसा आरामात घेते. मोठी गाडी हवीच असं नाही. पण तीन गोष्टी गॅरेजमध्ये दाखवाच: ब्रेकपॅड किंवा लायनर, क्लचची केबल आणि चेन. चेन सैल असेल तर घाटात खडखडते आणि उतरू शकते, फार ताणली तर बेअरिंग खाते. बहुतेक गाड्यांना मधोमध बोटाने वर-खाली केल्यावर साधारण २५ ते ३० मिलिमीटरचा झोल लागतो. तुमच्या गाडीचा नेमका आकडा आणि टायरची हवा गाडीसोबतच्या पुस्तकात असते. सामान बांधून निघणार असाल तर मागच्या चाकात जास्त वजनासाठी दिलेली हवा भरा.

क्लचची एक जादा केबल जुन्या केबललाच चिकटपट्टीने बांधून ठेवा. तुटली तर टाकी न उघडता दहा मिनिटांत जोडता येते. पंक्चर किट आणि हातपंप दोघांत एकच पुरे, फक्त तो मागच्या गाडीवर ठेवा. पुढच्याची गाडी बसली तर मागचा येऊन पोचतोच.

पेट्रोलचं गणित सोपं आहे. साताऱ्यात टाकी पूर्ण भरा आणि महाबळेश्वरपर्यंत वाटेत पंप मिळेल या भरवशावर राहू नका.

पहिला दिवस: सातारा ते तापोळा

अंतर जेमतेम साठ किलोमीटर, तरीही सकाळी सातला निघा. यवतेश्वरचा घाट चढून वर आलात की कासचा रस्ता लागतो. फुलांचे दिवस असतील तर सोनकीचा पिवळा, तेरड्याचा गुलाबी आणि ओल्या कातळावर सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा असे पट्टे दिसतात. पठारावर कडेला गाडी घालू नका. ठरवलेल्या जागीच लावा. टायरखाली जी माती दबते, ती काही इंचांचीच असते आणि खाली सगळा कातळ.

कासवरून उतरत बामणोलीला आलात की पहिल्यांदा शिवसागर समोर येतो. वासोटा करायचा असेल तर एक दिवस वाढवा. बामणोलीतून बोटीने जायचं, वन विभागाची परवानगी घ्यायची, संध्याकाळच्या आत परतायचं, गडावर मुक्काम करता येत नाही.

तापोळ्याला जाताना पाण्याचा फाटा आडवा येतो, तो तराफ्याने ओलांडायचा. या वळशातला माझा सगळ्यात आवडता अर्धा तास हाच. पण इथेच गाड्या पडतात, म्हणून नीट सांगतो. शेवटची फेरी किती वाजता हे बामणोलीतच विचारा. तराफ्याच्या तोंडाशी लोखंडी पत्रा असतो, ओला आणि गाळाने बुळबुळीत. त्यावर पुढचा ब्रेक अजिबात दाबायचा नाही. पहिल्या गियरवर, क्लच अर्धा सोडून, पाय दोन्ही बाजूंना मोकळे ठेवून सरळ चढा. मित्राने मागे उभं राहावं, गाडीला हात लावून. वर चढलात की इंजिन बंद करा, गाडी पहिल्या गियरमध्येच ठेवा, साइड स्टँडखाली चपटा दगड किंवा लाकडाचा तुकडा द्या आणि गाडीला धरून उभे राहा. तराफा काठाला टेकताना एक धक्का बसतो, तेव्हा हात सोडलेला नको. उतरताना कधी गाडी मागे रेटत काढावी लागते. त्यासाठी दोघंही हवेत.

रात्री तापोळ्यात राहा. चुलीवरची भाकरी आणि गरम पिठलं मिळालं तर आणखी काही मागू नका.

दुसरा दिवस: तापोळा ते चिपळूण

हा सगळ्यात लांब दिवस. महाबळेश्वरपर्यंत पंचवीस-तीस किलोमीटरची चढण, वळणं आवळ आणि रस्ता अरुंद. वर पोचल्यावर जुन्या महाबळेश्वरात पंचगंगेच्या देवळात थांबा. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाचही नद्यांचा उगम इथला मानतात. कालपासून ज्या पाण्याच्या कडेने आलात, त्याची सुरुवात पाहून पुढे जावं.

पुढे आंबेनळी घाट. महाबळेश्वरची उंची सुमारे १३५० मीटर आणि पोलादपूर जवळजवळ समुद्रसपाटीला. हा सगळा उतार चाळीसेक किलोमीटरमध्ये. जुन्या ड्रायव्हर मंडळींचा नियम पाळा: ज्या गियरवर चढाल त्याच गियरवर उतरा. दुसरा-तिसरा गियर, ॲक्सिलरेटर बंद, वेग इंजिनाने धरायचा आणि ब्रेक फक्त वळणाआधी. ब्रेकचा जळका वास आला किंवा लिव्हर मऊ लागला तर लगेच कडेला घ्या आणि पंधरा-वीस मिनिटं बसा. गरम डिस्कवर पाणी ओतू नका. वाटेतच प्रतापगडाचा फाटा आहे, तिथे दोन तास द्या. शिवरायांनी १६५६ मध्ये बांधून घेतलेला हा गड आणि १० नोव्हेंबर १६५९ ची अफजलखानाची भेट, दोन्हीची जागा डोळ्यांनी पाहिली की जावळीचं खोरं का महत्त्वाचं होतं ते कळतं.

पोलादपूरपासून मुंबई-गोवा महामार्ग. इथे सांगण्यासारखं फार नाही. ट्रकपासून अंतर ठेवा, उन्हात पाणी पीत राहा, चिपळूणला पोचा आणि माशाचं ताट घ्या.

तिसरा दिवस: कुंभार्ली चढून कोयनानगर

सकाळी निघण्याआधी वाशिष्ठीच्या पुलावर पाच मिनिटं थांबा. कोयना ही खरं तर पूर्वेकडे जाणारी नदी. पण धरणातलं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला वळवलंय. पोफळीच्या भूमिगत वीजगृहात ते वीज तयार करतं आणि मग वाशिष्ठीला मिळतं. प्रकल्पाची एकूण क्षमता १९६० मेगावॉट. म्हणून भर उन्हाळ्यातही वाशिष्ठी वाहती राहते. तुम्ही दोन घाट घालून इथवर आलात, ते पाणी डोंगरातून सरळ खाली आलं.

कुंभार्ली घाटात अवजड गाड्या भरपूर. चढावर ट्रकच्या मागे अडकलात तर वळणावर ओव्हरटेक नाही, सरळ पट्टा दिसेपर्यंत मागेच. पुढच्याने हाताने खूण केली तरी मागच्याने स्वतःच्या डोळ्यांनी रस्ता पाहूनच निघायचं.

कोयनानगरला दुपारीच पोचाल, तिथेच राहा. धरणाची भिंत १०३ मीटर उंच. भिंतीवर प्रवेश नसतो आणि फोटोंवर बंधनं आहेत, पहारेकऱ्यांशी वाद घालू नका. नेहरू उद्यानातून धरण छान दिसतं. ऑक्टोबरात असाल तर नवजाजवळचा ओझर्डे धबधबा पाहा. या गावाने ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप सोसलाय. चहाच्या टपरीवर एखादे वयस्कर काका भेटले तर विचारा आणि ते बोलतील तेवढं ऐका. पाण्याखाली गेलेल्या गावांबद्दलही असंच. इथली कितीतरी कुटुंबं उठून सोलापूर, सांगली, ठाणे, रायगडकडे गेली.

संध्याकाळी सहानंतर गाडी काढू नका. गवे रस्त्यावर येतात. गवा दिसला तर हॉर्न नाही, अप्पर लाइट नाही. लांब थांबायचं आणि तो जाईपर्यंत वाट पाहायची.

चौथा दिवस: कराडमार्गे घरी

पाटणवरून मल्हारपेठ-उंब्रज असं गेलात तर सातारा लवकर येतो. तरी मी कराडचा फेरा घ्यायला सांगेन. तिथे प्रीतिसंगमावर कोयना कृष्णेला मिळते. गाड्या सावलीत लावा, घाटाच्या पायऱ्यांवर बसा आणि तिथेच पाकिटाचा हिशेब उरका. उरलेले पैसे निम्मे-निम्मे करा. मग साताऱ्यापर्यंत हायवेचे पन्नासेक किलोमीटर आहेत, तेही हेल्मेटचा पट्टा लावूनच. घरी गेल्यावर त्याच दिवशी चेनवरचा गाळ डिझेलने किंवा रॉकेलने धुवा, फडक्याने कोरडी करा आणि वंगण द्या. तराफ्याजवळचा गाळ वाळला की कड्यांमध्ये घट्ट बसतो.