पाईनचे तुकडे लेथवर चढवण्याआधी

लाकूड फिरवून कातायची लेथ घरी आली की पहिल्याच दिवशी सागाचा तुकडा चढवायचा मोह होतो. तो आवरा, आधी पाईनवर हात बसवा. मार्बलच्या दुकानामागे, गोव्यातल्या वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या गोदामांबाहेर पाईनची मोडकी खोकी आणि पॅलेट पडलेली असतात. नीट विचारलं तर बहुतेक जण देतात. उचलण्याआधी त्यावरचा शिक्का वाचा. एच-टी ही अक्षरं असतील तर लाकूड तापवून कीड मारलेली आहे, चालेल. एम-बी असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली आहे. ते तिथेच राहू द्या, चुलीतसुद्धा नको. पॅलेटच्या फळ्या पातळ निघतात, त्यांच्याखालचे जाड पट्टे आपल्या कामाचे. घरी आल्यावर प्रत्येक तुकड्यावरून लोहचुंबक फिरवा. मी एकदा आळस केला. आत मोडका खिळा होता, नव्या गाऊजच्या, म्हणजे पन्हाळीसारख्या गोल पटाशीच्या, धारेला तांदळाच्या कणीएवढा दात पडला आणि तो घासून काढण्यात अख्खी संध्याकाळ गेली.

आठ-दहा इंच लांब, दोन इंच चौरस एवढे तुकडे पुरे. रेषा लांबीच्या दिशेने हव्यात. मोठी गाठ किंवा चीर असलेला तुकडा बाजूला टाका, फिरताना गाठ सुटून उडते. दोन्ही टोकांना कर्ण आखून मध्य काढा, पंचने खूण करा आणि चारही कडा रंध्याने मोडून घ्या, म्हणजे सुरुवातीची धडधड बरीच कमी होते.

आता धार. तयारीचा निम्मा वेळ इथेच जाऊ द्या. लाकूड मऊ, मग जुनी पटाशीही चालेल असं सगळ्यांनाच वाटतं, पण होतं उलटं. पाईनमध्ये एक फिकट मऊ वलय आणि एक गडद कडक वलय असं आलटूनपालटून असतं. बोथट धारेखाली मऊ वलय कापलं जात नाही, चेंगरतं आणि तंतू उपटून येतात. धार बरोबर असेल तर पेन्सिलीला टोक काढताना निघते तशी पातळ, कुरळी ढलपी मनगटावर पडत राहते आणि मागचं लाकूड चमकतं. ढलपीऐवजी भुसा पडायला लागला, पृष्ठभाग कापूस पिंजल्यासारखा दिसला, की थांबा आणि ग्राइंडरकडे जा. चौकोनी तुकडा गोल करायच्या रफिंग गाऊजला धारेमागे साधारण 45 अंशांचा उतार ठेवतात. उतारावर मार्करची शाई लावा, चाकाला हलकेच टेकवा आणि शाई कुठे पुसली गेली ते बघा, कोन चुकतोय का ते लगेच कळतं. राळ चिकटली तर टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसा. पॉलिश पेपर मात्र पहिला महिना कपाटात ठेवा. तो मऊ वलय आधी खातो, कडक तसंच राहतं, आणि हाताला नळीच्या कौलांवरून बोट फिरवल्यासारखं लागतं.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर पटाशी रात्रभर उघडी राहिली तर सकाळी तांबूस दिसते. काम संपलं की शिलाई मशीनचं तेल लावून कापडात गुंडाळा.

अंगावर काय आहे ते बघा. चष्मा पुरत नाही, पूर्ण चेहरा झाकणारं शील्ड लागतं. हातमोजे, लांब बाह्या, ओढणी, चेन, अंगठी काही नको. सपाता काढून बंद बूट घाला. धुळीसाठी मास्क.

टूल रेस्ट, म्हणजे पटाशी टेकवायची पट्टी, तुकड्यापासून तीनेक मिलिमीटरवर आणा, तुकड्याचं दुसरं टोक धरणारा टेलस्टॉक घट्ट करा आणि स्विच दाबण्याआधी तुकडा हाताने एकदा पूर्ण फिरवून बघा. चौकोनी तुकडा गोल होईपर्यंत मी हजार आरपीएमच्या आत राहतो. चालू करताना तुकड्याच्या समोर उभे राहू नका. आणि मध्येच वीज गेली तर पटाशी मागे घ्या आणि लगेच स्विच बंद करा. आपण 'कोणाकोणाकडे गेली' ते बघायला बाहेर जातो, तेवढ्यात ती परत येते आणि मशीन आपोआप फिरायला लागतं.

कुंकळ्ळीचे चितारी, म्हणजे लाखकामाचे कारागीर, फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवतात आणि घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून रंग चढतो. बघून हात शिवशिवतात, पण ते पुढचं पुढे. आधी सरळ दंडगोल, मग त्याच्यावर मणी आणि खाच, मणी आणि खाच, तुकडा करंगळीएवढा होईपर्यंत.

माझा पहिला महिनाभराचा माल आईने न्हाणीतल्या पाणी तापवायच्या भाणाखाली घातला. पाईन पटकन पेटतं, ती खूश होती.