दुधाच्या शीतकेंद्रांच्या जागा: अंतरं बदलली आणि उत्तर बदललं

सातारा जिल्ह्यातल्या बामणोली-तापोळा भागातल्या गावांचं दूध गोळा करायला तीनच शीतकेंद्रं परवडणार होती. ती कुठे ठेवायची? प्रत्येक गावाचं दूध गुणिले अंतर, या सगळ्याची बेरीज कमीत कमी यायला हवी. या प्रश्नाला पी-मिडियन म्हणतात. संशोधक हाकिमी यांनी तो १९६४-६५ साली मांडला.

एक्सेलसोबत येणाऱ्या सॉल्व्हरला, म्हणजे सर्वांत चांगलं उत्तर शोधणाऱ्या साधनाला, २०० चलांची (शोधायच्या अज्ञात संख्यांची) मर्यादा आहे. तीस गावं आणि दहा जागा धरल्या की ३१० चल होतात: गाव-जागा जोड्यांचे ३०० आणि जागांचे १०. एक्सेलमध्येच चालणारं मोफत ओपनसॉल्व्हर टाकलं, मर्यादेचा प्रश्न मिटला.

उत्तर मात्र पटेना. तापोळ्याकडची गावं बामणोलीच्या केंद्राला जोडलेली! अक्षांश-रेखांशावरून काढलेल्या सरळ रेषेतल्या अंतराला मधला शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, दिसतच नाही. लाँच, तराफा आहेत, पण भर पावसात त्यांच्या भरवशावर दूध कोण सोडेल? म्हणून ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा घेऊन रस्ते शोधणारं मोफत सॉफ्टवेअर ओएसआरएम स्वतःच्या संगणकावर चालवलं आणि रस्त्याची अंतरं काढली. इथे जपा: त्याचं गाडीचं प्रोफाइल (गाडीसाठीची नियमावली) नकाशातले तराफ्यासारखे फेरीचे जलमार्गही रस्ता म्हणून धरतं, ते वगळायला सांगावं लागतं.

आणखी एक. 'केंद्र उघडलं तरच गाव जोडायचं' ही अट प्रत्येक गाव-जागा जोडीला वेगळी लिहा. बेरीज करून जागेमागे एकच अट लिहिली तरी उत्तर तेच येतं, पण गावं वाढली की सॉल्व्हर रेंगाळतो.

आता जलाशयाच्या दोन्ही काठांना आपापलं केंद्र मिळालं, तिसरं मेढ्याकडे गेलं. टेम्पोवाल्यांनी यादी पाहून लगेच मान डोलावली.