डबल क्लच मारताना क्लच पार तळाला नेऊ नका
सिंक्रो (गिअरचे दात आपोआप एका स्पीडला आणणारी रचना) नसलेल्या गिअरबॉक्सवर खालचा गिअर टाकायचा तर क्लच दाबून न्यूट्रल करा, क्लच सोडा, रेस थोडी द्या म्हणजे आतले दात एका स्पीडला येतात, मग परत क्लच दाबून गिअर टाका (दोनदा क्लच, म्हणून डबल क्लच), बरोबर जमलं तर लिव्हर दोन बोटांनी आत जातो, खर्रर्र झालं तर रेस कमीजास्त झालीय, जोर नका लावू. वरचा गिअर टाकताना रेस द्यायची नाही, उलट आरपीएम (इंजिनचे फेरे) उतरायची वाट बघायची. आणि चालत्या गाडीत पेडल अर्धंच दाबा, कारण बऱ्याच ट्रकांत अगदी तळाला क्लच ब्रेक (गिअरबॉक्सचा आतला फिरता शाफ्ट थांबवणारा ब्रेक) लागतो, तो फक्त उभ्या गाडीत पहिला किंवा रिव्हर्स टाकायला असतो, पळत्या गाडीत वापरला की झिजून जातो (नवीन पोरं इथेच चुकतात). उताराला मात्र गिअर आधीच खाली घ्या, मध्येच न्यूट्रलला अडकलात तर इंजिन ब्रेक (गिअरमध्ये असताना इंजिन गाडीला धरून ठेवतं तो) गेलाच म्हणून समजा.