संत्र्याच्या सलीत सूत्रकृमी धरणारी बुरशी कशी ओळखायची

पावसाळ्यात कुजकी फांदी हातात आली की आपण बुरशीचा रंग पाहतो. पांढरी, काळी, हिरवी, छत्रीवाली. सूत्रकृमी, म्हणजे धाग्यासारखे बारीक किडे, खाणारी बुरशी ओळखायची असेल तर ही सवय आधी मोडावी लागते. तिचे धागे इतर कुठल्याही बुरशीसारखेच पांढरे आणि बारीक असतात. ओळख पटते ती तिने धरलेल्या भक्ष्यावरून आणि धरायच्या हत्यारावरून. लाकडाला आमिष द्यायचं आणि हत्यार दिसेपर्यंत थांबायचं, एवढंच हे काम आहे.

मी वरूड तालुक्यातली. कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवलं, निवृत्तीनंतर घरची संत्र्याची बाग पाहते. जंबेरी खुंटावरची २२० झाडं. काही वर्षांपूर्वी विहिरीकडच्या दोन ओळी मागे पडू लागल्या. पानं लहान आणि पिवळी, शेंडे वाळलेले, फळ बारीक. आळं उकरून तंतुमुळं पाहिली तर त्यांना माती अशी चिकटलेली की बादलीत हलवूनही सुटेना. ही संत्र्यावरच्या सूत्रकृमीची खूण. टायलेंक्युलस सेमीपेनेट्रान्स तिचं नाव, म्हणजे अर्धी आत शिरणारी. मादी डोक्याकडचा भाग मुळात खुपसून बसते, मागचा भाग बाहेर राहतो, आणि तिच्या चिकट स्रावाला माती धरते. त्या ओळींतली सल, म्हणजे वाळलेल्या फांद्या, काढून धुऱ्यावर ढीग घातला होता. पुढच्या पावसात त्या ढिगातलं लाकूड सहज म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं आणि तिथून या बुरशीच्या मागे लागले.

लाकडातच का शोधायचं, हे शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. पऱ्हाटीचा चुरा न कुजवता वावरात गाडला की पुढचं पीक पिवळं पडतं, कारण कुजवणारे जीव मातीतलं नत्र ओढून घेतात. लाकडात कार्बन भरपूर, नत्र नावापुरतं. लाकडावर जगणाऱ्या बुरशीला नत्र कुठून तरी आणावंच लागतं, आणि कुजक्या लाकडात वळवळणारे सूत्रकृमी म्हणजे नत्राचा चालता साठा. काही बुरशांनी ते धरायची कला साधली आहे. आर्थ्रोबोट्रिस ऑलिगोस्पोरा ही बुरशी सूत्रकृमी धरते हे झोफ या जर्मन शास्त्रज्ञाने १८८८ मध्ये पाहिलं. पुढे अमेरिकेत चार्ल्स ड्रेक्सलर यांनी १९३०च्या दशकात अशा कितीतरी जाती चित्रांसह नोंदवल्या.

साहित्य फार नाही. ४, १० आणि ४० च्या भिंगांचा साधा विद्यार्थी सूक्ष्मदर्शक, प्लास्टिकच्या निर्जंतुक पेट्री डिश, आगर पावडर, एक नरसाळं, रबरी नळीचा तुकडा आणि चिमटा. आगर म्हणजे आपलं चायना ग्रासच, पण किराण्यातल्या पट्ट्या गढूळ होतात आणि खालून प्रकाश नीट येत नाही. प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानातली पावडर घ्या.

२०० मिली पाण्यात ४ ग्रॅम आगर घाला, बाटलीच्या तोंडाला कापसाचा बोळा लावा आणि घरच्या कुकरमध्ये शिट्टी आल्यावर मंद आचेवर १५ ते २० मिनिटं ठेवा. बाटली हाताला सोसवेल इतकी कोमट झाली की डिशमध्ये ओता. एवढ्यात दहा डिश होतात. यात साखर, बटाट्याचं पाणी, काहीही घालू नका. पहिल्या खेपेला मी कॉलेजच्या सवयीने बटाटा आणि साखर घातली, तर चौथ्या दिवशी सगळ्या डिश काळ्या भुकटीने भरल्या. खायला मिळालं की काळी आणि हिरवी बुरशी धावत सुटते आणि आपली हळू चालणारी शिकारीण खाली दबते. उपाशी डिशमध्येच ती पुढे येते.

आता आमिष. जुन्या, चांगल्या कुजलेल्या शेणखताच्या दोन मुठी घ्या. नरसाळ्याला नळी लावून चिमट्याने बंद करा, वर जाळीचा तुकडा आणि त्यावर टिश्यू पेपर ठेवा, त्यात खत पसरा आणि खताच्या तळाला टेकेल इतकं पाणी भरा. सूत्रकृमी ओल्यात उतरतात, पण त्यांना वर पोहता येत नाही, म्हणून ते नळीच्या तळाशी साचतात. २४ तासांनी चिमटा सैल करून पहिलं १० ते १५ मिली पाणी वाटीत घ्या. तासभर निवळू द्या, वरचं पाणी ओता, तळाचं ठेवा. त्यातला एक थेंब काचपट्टीवर घेतला की अर्धा ते एक मिलीमीटर लांबीचे पारदर्शक किडे सापासारखे वळवळताना दिसतील. दिसले नाहीत तर खत बदला. आमिषाशिवाय पुढे जाऊ नका. आर्थ्रोबोट्रिससारख्या बुरशा आसपास सूत्रकृमी नसतील तर बहुधा जाळं विणतच नाहीत. सूत्रकृमी एकमेकांना संदेश द्यायला जी रसायनं सोडतात, त्यांच्याच वासावर या बुरशा जाळं विणायला घेतात.

लाकूड निवडताना हात शिकतो. टणक सल नको आणि माती झालेलंही नको. साल नखाने उचकटते, आतलं लाकूड फिकट, ओलं, मऊ आणि दाबलं की धाग्याधाग्याने सुटतं, ते घ्या. जुलै ते सप्टेंबर हा काळ उत्तम. डिंक्या रोगाने मेलेल्या झाडाचं लाकूड आणलंत तर त्याच चाकूने पुन्हा बागेत काही कापू नका.

याच वेळी साधं भिंग घेऊन सालीच्या आतली बाजू बघा. एक मिलीमीटरच्या आसपासच्या, मेणासारख्या, पिवळसर नारिंगी चकत्या चिकटलेल्या दिसल्या तर ती ऑर्बिलिया असू शकते. आर्थ्रोबोट्रिस आणि तिच्या भावकीतल्या बुरशांचं हे फळरूप. अशी चकती सुईने उचलून व्हॅसलिनच्या ठिपक्याने डिशच्या झाकणाला आतून चिकटवा, तोंड खाली आगराकडे. तिचे बीजाणू रात्रीतून खाली झडतात आणि डिशमध्ये तेवढीच बुरशी उगवते.

चकती नसेल तर लाकडाचा चुरा करा आणि चिमूटभर, फार तर अर्धा ग्रॅम, डिशच्या मधोमध पसरा. जास्त घातला की कीड आणि घाण वाढते. त्यावर आमिषाचे वीसेक थेंब. डिश झाकून स्टीलच्या डब्यात ओल्या कागदावर ठेवा, खोलीतल्या सावलीत, २५ ते २८ अंशांत. गुळाच्या डब्याला ठेवतो तसा हा डबाही पाण्याच्या परातीत ठेवा. मुंग्या आणि त्याहून वाईट म्हणजे बारीक माईट आत शिरल्या की आठवड्याची मेहनत चाटून नेतात.

पाहायला पाचव्या दिवसापासून सुरुवात करा, मग एक दिवसाआड, महिनाभर. तिसऱ्या आठवड्यापर्यंत काही दिसलं नाही म्हणून डिश टाकू नका, माझ्या सगळ्यात चांगल्या डिशने अठराव्या दिवशी फास दाखवला. झाकण काढून डिश सरळ मंचावर ठेवा, १० च्या भिंगाने कडेकडेने फिरा. वळवळणारा किडा सोडून द्या. एका जागी अडकून शेपूट आपटणारा किडा शोधा. तो सापडला की हलू नका, तो कशाला अडकला आहे ते बघा.

धाग्यांच्या कड्या एकमेकींत गुंतून उभं जाळं झालं असेल आणि किडा त्याला डिंकासारखा चिकटला असेल, तर आर्थ्रोबोट्रिस ऑलिगोस्पोरा किंवा तिची बहीण. खात्रीसाठी बीजाणू बघा. उंच उभ्या देठावर थोड्या थोड्या अंतराने घोस, आणि घोसातला प्रत्येक बीजाणू नासपतीच्या आकाराचा, दोन कप्प्यांचा, वरचा कप्पा मोठा. मी शेजारी डोक्याचा केस ठेवून माप घेते. केस साधारण ७० मायक्रॉन जाड, बीजाणूची लांबी त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास.

बारीक देठावर तीन पेशींची सुटी कडी दिसली तर ती आवळणारी कडी, ड्रेक्सलरेल्ला. किडा आत शिरून कडीच्या आतल्या बाजूला घासला की तिन्ही पेशी फुगतात आणि सेकंदाच्या दहाव्या हिश्शात कडी मिटते. मिटतानाचा क्षण डोळ्याला सापडत नाही, मिटलेली कडी सापडते. कंबरेत दाबला गेलेला, दोन्हीकडे फुगलेला किडा. आमच्या सालदार भाऊंना ही डिश दाखवली तेव्हा ते बराच वेळ डोळा लावून उभे राहिले आणि म्हणाले, “काकू, हा तं तितराले लावते तसा फासा हाय.” मी वर्गात इतकी वर्षं जे शिकवलं त्यात इतकं नेमकं वर्णन मला सुचलं नव्हतं.

कडी असूनही मिटलेली नसेल आणि किडा ती गळ्यात घालून पळताना दिसला, तर ती न आवळणारी कडी. पळाला तरी तो सुटत नाही, तुटलेल्या कडीतून धागा त्याच्या अंगात शिरतो. देठावर चिकट गोळ्या असतील तर तीही याच कुळातली. गोळीचा आकार डमरूसारखा, मध्ये बारीक, आणि भोवती चिकट थेंब असेल तर मात्र ती होहेनबुहेलिया, लाकडावर पंख्यासारखी लहान छत्री धरणारी. तिच्या धाग्यावर सांध्यापाशी लहानशी कडेवर घेतल्यासारखी गाठ दिसते. ही गाठ छत्रीवाल्या बुरशांची खूण, आर्थ्रोबोट्रिसमध्ये ती नसते. ४० च्या भिंगाखाली ही गाठ शोधायची सवय लावून घ्या, अर्धा गोंधळ तिथेच मिटतो.

आता धिंगरी, म्हणजे ऑयस्टर मशरूम. आपल्या गावागावांत बचत गटाच्या बाया कुटारावर जी धिंगरी घेतात, तिच्या कुळातली प्लुरोटस ऑस्ट्रिएटस मांसाहारी आहे हे थॉर्न आणि बॅरन यांनी १९८४ मध्ये दाखवलं. तिचा फास नसतो. धाग्यावर सूक्ष्म देठ आणि त्यावर विषाची फुगी. किड्याचं तोंड फुगीला लागलं की मिनिटा-दोन मिनिटांत तो लुळा पडतो, मग धागे त्याच्याकडे वळून तोंडातून आत जातात. त्या फुगीतलं विष ३-ऑक्टॅनोन असल्याचं तैवानच्या शास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये मांडलं. नवख्याने सुरुवात धिंगरीनेच करावी असं माझं ठाम मत आहे, कारण बियाणं हाताशी असतं आणि आठ-दहा दिवसांत डोळ्याला सराव होतो. गटातल्या सुनेकडून धिंगरीच्या बियाण्याचे चार दाणे आणा, उपाशी डिशवर ठेवा, धागे बोटभर पसरले की कडेला आमिष सोडा आणि लगेच भिंगाला डोळा लावा. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा एक किडा धाग्यांच्या काठाशी आला, डोकं एकदा मागे ओढलं, आणि डोक्याकडचा भाग दोरीसारखा सरळ झाला. शेपूट अजून हलत होती. मग तीही थांबली. तो कशालाही चिकटला नव्हता. चिकटल्याशिवाय थांबलेला किडा ही धिंगरीची खूण.

दोन ठिकाणी लोक हमखास फसतात. आपोआप मेलेल्या किड्यावर कुठलीही बुरशी चढते, तिला शिकारी म्हणू नका. जिवंत किडा अडकलेला पाहिल्याशिवाय वहीत नाव लिहू नका. दुसरं, सूत्रकृमीवर उपाय म्हणून दुकानात मिणाऱ्या बुरशीच्या पुड्या. परप्युरिओसिलियम लिलॅसिनम ही बुरशी सूत्रकृमीच्या अंड्यांवर जगते, फास लावत नाही, म्हणून या पद्धतीत ती दिसणार नाही. मला एकदा एका पुडीतून नुसती भुकटी मिळाली होती. डिशमध्ये महिनाभरात एक धागा उगवला नाही, आणि त्या वर्षीचे पैसे गेले याचं मला आजही वाईट वाटतं. पुडी घेतली की चिमूटभर डिशवर टाकून जिवंत आहे का ते तरी बघा.

लाकडावर छत्री दिसली म्हणून ती या पद्धतीने ओळखून खाऊ मात्र नका. सात्या आणि टेकोडे, म्हणजे खायच्या रानछत्र्या, ओळखणारी माणसं वेगळी आणि त्यांची नजर वेगळी. इथे आपण धागा ओळखतो, खाण्याजोगं काय ते नाही.

बागेचं म्हणाल तर फास सापडला म्हणून निंबोळी ढेप बंद करू नका. डिशमध्ये अडकतात ते बहुतेक शेणखतातले निरुपद्रवी किडे. त्यांच्या तोंडात मुळं टोचणारी सुई नसते, ४० च्या भिंगाखाली हे दिसतं. संत्र्याची मादी डोकं मुळात घालून बसलेली, तिच्यापर्यंत फास पोहोचत नाही. मातीत फिरणारी पिल्लं मात्र सापडू शकतात. मी निरोगी झाडांची सल जाळणं बंद केलं आहे. धुऱ्यावर ढीग करते आणि उन्हाळ्यात त्यावर आठवड्याला दोन बादल्या पाणी टाकते.

शेवटची खात्री अशी करा. निर्जंतुक सुईचं टोक उभ्या देठावरच्या बीजाणूंच्या घोसाला नुसतं लावा, आगराला लागू देऊ नका, आणि ते नव्या दोन डिशवर टेका. आठवडाभर दोन्ही वाढू द्या. मग एकीत आमिष सोडा, दुसरीत तेवढेच थेंब नुसत्या उकळून गार केलेल्या पाण्याचे. दुसऱ्या दिवसापासून दोन्ही पाहायला लागा. जाळं फक्त पहिल्या डिशमध्ये आलं तर तुमच्या सलीत शिकारीण आहे. वहीत तारीख, झाडाची ओळ आणि फासाचं चित्र काढून ठेवा, आणि काम झालेल्या डिश टाकण्याआधी कुकरमध्ये शिजवा.