त्याच गेजच्या (जाडीच्या) तारा, पण एकाच गिटारवर कडक का? माझा अनुभव

माझ्या दोन्ही अकूस्टिक गिटार २५.५ इंच स्केलच्या (स्केल म्हणजे मोकळ्या तारेची कंप पावणारी लांबी), दोन्हीवर .०१२ चा सेट (सगळ्यात बारीक तार .०१२ इंच जाड), तरी एकीवर एफ बारे (एका बोटाने सगळ्या तारा दाबायची एफ कॉर्ड) धरताना बोट दुखायचं. .०११ लावल्या तर आवाज पातळ, ट्रस रॉड (मानेतली वाक जुळवायची सळी) फिरवून फरक शून्य, जाम वैतागलो. स्केल, तारा, सूर सारखे म्हणजे ताण सारखाच (२४.७५ स्केल असती तर साधारण ६ टक्के कमी), मग पहिल्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावला आणि तारा एकदम मऊ, म्हणजे दोष नटचा (मानेच्या टोकाची, तारा बसायच्या खाचांची पट्टी)! कॅपोमुळे नट बाजूला पडतो, म्हणजे त्याच्या खाचा उंच होत्या.

तार दुसऱ्या-तिसऱ्या फ्रेटमध्ये दाबा, पहिल्या फ्रेटवर केसाएवढीच फट हवी. जास्त असेल तर तार बाजूला करून नटच्या खाचेत तिच्याच जाडीच्या फाईलने (कानशीने) हेडस्टॉककडे (खुंट्यांच्या टोकाकडे) उतार ठेवत दोनच घासे, तार बसवा, सुरात आणा, परत बघा. घाई नको, जास्त खोल गेलं की मोकळी तार झणझणते.